ऑटोफ्लॉवर गांजाचं रोप वीतभर असतानाच फुललं : आता काय करायचं आणि तोडणी कधी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या घरात, तळघरातल्या रोपं वाढवायच्या तंबूत तुम्ही परवाना असलेल्या दुकानातून आणलेल्या गांजाच्या चार ऑटोफ्लॉवर, म्हणजे ठरावीक वयाला आपोआप फुलणाऱ्या, बिया लावल्या. आधी प्लास्टिकच्या पेल्यात, दहाव्या दिवशी मधल्या कुंडीत, अठराव्या दिवशी मोठ्या कुंडीत. विसाव्या दिवशी शेंडा खुडला. आज सव्विसावा दिवस आहे. रोपं वीतभरही नाहीत, पानांची टोकं करपलीत आणि शेंड्याला पांढरे केस दिसू लागलेत. तुम्हाला विचारायचंय की फुलणं थांबवता येईल का, दिवे बारा तासांवर आणावेत का, खत वाढवावं का, पाकिटावर सत्तर दिवस लिहिलेत तर सत्तराव्या दिवशी कापायचं का. आणि शेवटी, पुण्याला आईच्या गुडघेदुखीसाठी थोडं नेता येईल का.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि गेली चौदा वर्षं लेमिंग्टनच्या हरितगृहांमध्ये टोमॅटो-काकडी पिकवतोय. घरी ही झाडं २०१९ पासून लावतो. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथला कायदा बदलून गांजा कायदेशीर झाला, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून. त्यामुळे खाली लिहिलंय ते ओंटारिओपुरतं समजा. इथे वय एकोणीस पूर्ण हवं. एका घरात चार झाडं चालतात, आणि ती घरामागे चार, माणसामागे नव्हे. नवरा-बायको दोघे सज्ञान आहेत म्हणून आठ लावता येत नाहीत. क्विबेकमध्ये घरी लावायला मनाईच आहे. घर भाड्याचं असेल तर करारनामा आधी वाचा, कॉन्डो असेल तर सोसायटीचे नियम. भारतात हे झाड फुलोऱ्यासाठी घरी लावणं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडच्या कोणी हे वाचून गच्चीवर प्रयोग करू नये.

आता मूळ मुद्दा. तुम्ही तोडणीबद्दल विचारलंय, पण तुमची अडचण तोडणीची नाही. ती पहिल्या तीन आठवड्यांत होऊन गेली. हे स्पष्ट सांगतोय, कारण याच्यावर उपाय म्हणून तुम्ही आता खत ओताल, दिवे बदलाल, आणि जे हाताशी आहे तेही जाईल.

आपल्याकडच्या तुरीचं उदाहरण घ्या. जूनमध्ये पेरलेली तूर डोक्याच्या वर जाते. तीच सप्टेंबरात पेरली तर कमरेएवढी होते न होते तोच फुलते, कारण तूर दिवसाची लांबी मोजते. दिवस लहान, रात्र मोठी झाली की तिला फुलायची खूण मिळते. साधा गांजाही तसाच. दिवे अठरा तास चालू ठेवले तर तो महिनोन् महिने नुसता पानावर राहतो, बारा तासांवर आणले की फुलतो. म्हणजे लावणाऱ्याच्या हातात वेळ असते. रोप आजारलं, वाकलं, कुंडी बदलली, शेंडा खुडला, तरी आणखी तीन आठवडे वाढू द्यायचं आणि मग फुलवायचं.

ऑटोफ्लॉवरमध्ये ही सोय नाही. त्यात रुडेरालिस नावाच्या रानटी, बुटक्या प्रकाराचं रक्त आहे. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या थंड मुलखात उन्हाळा इतका आखूड असतो की रात्र मोठी होण्याची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आत बर्फ पडेल. म्हणून ते झाड रात्र मोजत नाही, आपलं वय मोजतं. तीन-साडेतीन आठवडे झाले की फुलायला लागतं, मग ते हातभर असो की बोटभर. टोमॅटोवाल्याच्या भाषेत सांगायचं तर हरितगृहातला दोरीवर चढवलेला टोमॅटो अकरा महिने चालतो, आणि शेतातला बुटका टोमॅटो ठरलेल्या उंचीवर थांबतो, एकदम लागतो आणि संपतो. तुमची ऑटो ही दुसऱ्या जातीची आहे. तिचं घड्याळ बी उगवलं त्या दिवशी सुरू झालं, आणि ते थांबवायची कळ कुठेच नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. फुलणं थांबवता येणार नाही. दिवे बारा तासांवर आणू नका. त्याने फुलणं ना लवकर होईल ना उशिरा, फक्त झाडाला रोज मिळणारं अन्न तिसऱ्या हिश्श्याने कमी होईल. अठरा तास उजेड, सहा तास अंधार, हे शेवटच्या दिवसापर्यंत तसंच चालू द्या. वीस तासही चालतात, पण वीजबिल बघता मला अठराच परवडतात.

तुमचा वेळ गेला कुठे, ते बघू. प्रत्येक पुनर्लागवडीत मुळं दुखावतात आणि रोप चार ते सहा दिवस जागच्या जागी बसतं. तुम्ही ती दोनदा केली. शेंडा खुडल्यावर पुन्हा पाच-सहा दिवस. तीन आठवड्यांच्या वाढीत पंधरा-सोळा दिवस रोप जखमा भरत बसलं, तर वाढायला उरलं काय? मी स्वतः २०१९ मध्ये नेमकं हेच केलं होतं. टोमॅटोचं रोप आम्ही ठोकळ्यातून ठोकळ्यात हलवतो, शेतातलं असेल तर मानेपर्यंत गाडतो, आणि त्याचं काही बिघडत नाही. हात त्याच सवयीचे. चार झाडांचा सुकलेला माल एका चहाच्या कपात मावला होता. बायकोने तो कप अजून फळीवर ठेवलाय.

पुढच्या खेपेला बी थेट शेवटच्या कुंडीत लावा. अकरा ते पंधरा लिटरची कापडी कुंडी पुरते. कापडी अशासाठी की मूळ कडेला आलं की हवेने सुकतं आणि मागून नवीन मुळं फुटतात. प्लास्टिकमध्ये ती गोल गोल फिरत बसतात. माती म्हणजे इथली पीट आणि तिच्यात साधारण तिसरा हिस्सा परलाइट, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे. सामू (पीएच) ६ ते ६.८ च्या मध्ये. 'खूप ताकदीची', म्हणजे भरपूर खत घातलेली पिशवी घेऊ नका. ती मोठ्या झाडाची माती असते, कोवळं रोप तिच्यात जळतं. तुमच्या पानांची टोकं करपलीत ती बहुतेक याच कारणाने. तुम्ही मातीचं नाव दिलेलं नाही, पण आधीच खत असलेल्या मातीत दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा खत दिलंत असं लिहिलंय. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच : खत वाढवू नका. आठवडाभर साधं पाणी द्या. करपलेली टोकं हिरवी होणार नाहीत, नवीन पानं स्वच्छ येतात का तेवढं बघा. ती आली की अर्ध्या मात्रेने सुरुवात करा, आणि फुलोऱ्याच्या खतात नत्र कमी, पालाश जास्त ठेवा.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची रोपं तहानेने मरत नाहीत, बुडून मरतात. आपल्याकडे वाफसा म्हणतात ना, पाऊस पडून गेल्यावर जमीन धड ओली नाही नि कोरडी नाही, पेरणीला अगदी योग्य, तोच वाफसा कुंडीत हवा. पंधरा लिटरच्या कुंडीत दोन पानांचं रोप असेल तर सगळी कुंडी भिजवायची नाही. रोपाभोवती वीतभर रुंदीचं कडं करून पेलाभर पाणी द्यायचं. रोप वाढेल तसं कडं रुंद करत जायचं. मुळं ओलीच्या मागे बाहेर पळतात. बोट दोन पेरं आत घालून बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे कुंडी उचलून बघा. भिजल्यावर केवढी जड होती ते हाताच्या लक्षात राहतं. ती हलकी लागली की पाणी. माझ्या तळघरात उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, हिवाळ्यात कधी पाचव्या दिवशी. तुमचं वेगळं असेल, कारण ते तंबूतल्या उष्णतेवर, पंख्यावर, झाडाच्या पसाऱ्यावर ठरतं. मातीवर चिलटांसारख्या बारीक माश्या दिसल्या तर वरचा थर सतत ओला राहतोय असं समजा.

दिवा किती वॅटचा ते तुम्ही लिहिलंय, पण वॅटवरून झाडाला काय मिळतं ते कळत नाही. हरितगृहात आम्ही चौरस मीटरवर दिवसभरात पडणारा एकूण उजेड मोलमध्ये, म्हणजे प्रकाशकण मोजायच्या एककात, मोजतो. लेमिंग्टनला डिसेंबरात काचेखाली दहा मोलही मिळत नाहीत, आणि टोमॅटो रुसतो. फुलोऱ्यातल्या ऑटोच्या शेंड्यावर सेकंदाला ६०० मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग) पडत असतील तर अठरा तासांत सुमारे ३९ मोल होतात, आणि तेवढं भरपूर झालं. रोप कोवळं असताना २०० ते ३०० मायक्रोमोलच ठेवा. फोनमधलं मापक अंदाजापुरतं चालतं. मापक नसेल तर झाडाकडे बघा. पेरांमध्ये अंतर पडून रोप लांबुळकं झालं तर उजेड कमी आहे, वरची पानं होडीसारखी कडा उचलून उभी राहिली तर जास्त आहे. तापमान २२ ते २७ अंश.

शेंडा खुडायचाच नाही का? साध्या गांजात खुडा, हरभऱ्यासारखे फुटवे येतात. ऑटोत मी खुडत नाही. काही जण चौथ्या-पाचव्या पेरावर, अठराव्या दिवसाच्या आत, धष्टपुष्ट रोपाचा खुडतात आणि त्यांना जमतं. पण पहिल्या-दुसऱ्या खेपेला नको. त्याऐवजी वाकवा. विसाव्या दिवसाच्या आसपास, संध्याकाळी, पाणी द्यायच्या आधी, खोड जरा मऊ असतं. एक हात बुंध्याशी धरायचा, म्हणजे मुळावर ताण येत नाही, आणि दुसऱ्या हाताने शेंडा हळूच आडवा करून कुंडीच्या कडेला मऊ तारेने बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंड्याचं टोक पुन्हा वर वळलेलं असतं आणि बगलेतल्या फांद्या उजेड मिळाल्याने सरसावलेल्या असतात. जखम नाही, विसावा नाही, दिवस वाया नाही.

तुमच्या आताच्या चार झाडांना मात्र वाकवूही नका. ती तशीच वाढू द्या. पांढरे केस दिसल्यावरही झाड दोन-अडीच आठवडे ताणतं, उंची दुप्पट होऊ शकते. म्हणजे हातभर झाडं मिळतील. प्रत्येकी किती माल येईल ते आज सांगता येत नाही. बियांच्या पाकिटावरचे आकडे तर मनातून काढून टाका, ते उत्तम दिव्याखालच्या उत्तम झाडाचे असतात. तुमचा माल थोडा येईल, पण शेवट नीट केलात तर दर्जा चांगला येईल. आणि सगळ्यांत जास्त माती होते ती शेवटीच.

झाडं नर आहेत का ही शंका तुम्ही ओझरती काढलीय. तुमच्या बिया 'फेमिनाइज्ड' आहेत, म्हणजे माद्याच. पण ताण पडलेली मादी कधी कधी स्वतःवर नरफुलं धरते. कळीतून केळ्याच्या घडासारखी पिवळी बारीक बोंडं डोकावली तर चिमट्याने काढा. फार असतील तर झाड तंबूबाहेर काढा, नाहीतर चारही झाडं बी धरतील. नर हुडकून काढायचं हे काम फार जुनं आहे. गांजा-भांगेची चौकशी करायला इंग्रज सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातल्या 'पोद्दारां'बद्दल लिहिलंय. हे शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारे जाणकार, शेतकरी त्यांना मजुरी देऊन बोलवायचे. ऑटोवाल्यांना हे काम फारसं पडत नाही, तरी आठवड्यातून एकदा पोद्दाराच्या नजरेने झाड बघत जा.

किडीचं एकच सांगतो. आपल्या घरांत कशावरही कडुनिंबाचं तेल फवारायची सवय असते. फुलोऱ्यावर कसलंही तेल मारू नका. ते राळेत चिकटून राहतं, आणि तो धूर कुणाच्या तरी छातीत जाणार आहे. लाल कोळी दिसला, म्हणजे पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी, तर पानं पाण्याने धुवा, मित्रकिडी सोडा. आम्ही काकडीवर वर्षभर त्याच वापरतो.

आता तोडणी. पाकिटावरचे सत्तर दिवस हे पैदासकाराच्या खोलीतले. घरी माझी बहुतेक ऑटो ऐंशी ते नव्वद दिवसांत येतात, आणि अडखळलेली झाडं आणखी उशिरा. तेव्हा सत्तराव्या दिवशी कापू नका. साठाव्या दिवसापासून सोनाराकडे असतं तसं भिंग घ्या, तीस ते साठ पट मोठं दाखवणारं. पन्नास पटीखाली कळीवर बघितलंत तर काचेच्या टाचण्या खोचल्यासारखं दिसतं, दांडा आणि वर गोल डोकं. त्या डोक्यांत राळ असते. सुरुवातीला ती पाण्यासारखी स्वच्छ असतात. मग दुधाळ होतात, ताकाच्या निवळीत दूध पडल्यासारखी. मग एकेक करत मधाच्या रंगाची. बहुतेक सगळी दुधाळ आणि दहातलं एखाद-दुसरं मधाळ झालं की मी कात्री काढतो. त्याआधी कापलं तर माल कमी आणि कच्चा. फार थांबलं तर घटक मोडायला लागतात आणि त्याचा जडपणा येतो, घेणाऱ्याला नुसती सुस्ती. तुम्हाला काय हवं त्यावर चार-पाच दिवस इकडे-तिकडे.

एक चूक जवळजवळ सगळे करतात : भिंग कळीतून निघालेल्या छोट्या पानावर धरतात. पानावरची ती गोल डोकी आधी मधाळ होतात. बघायचं ते फुगलेल्या बीजकोशावर, म्हणजे ज्यातून केस निघतात त्या फुगीर भागावर, आणि झाडाच्या तीन जागी : शेंडा, मधली फांदी, खालची फांदी. केसांवर भरवसा ठेवू नका. पांढरे केस तपकिरी होणं ही खूण आहे, पण हात लागून किंवा उष्णतेनेही ते सुकतात. सगळे केस आत ओढले गेलेत, कळी फुगलीय, खालची पानं पिवळी पडून गळताहेत, आणि भिंगात दूध दिसतंय, असं सगळं एकत्र जुळलं पाहिजे. ती पिवळी पानं बघून खत देऊ नका. झाड स्वतःचं साठवलेलं अन्न उचलतंय, गव्हाच्या ओंब्या भरताना पान वाळतं तसं.

सगळं झाड एका दिवशी कापायलाच हवं असंही नाही. दिव्याजवळचे शेंडे आधी पिकतात. ते काढा, खालच्या फांद्यांना आठवडाभर उजेड मिळू द्या, त्या भरतात. शेवटचे दोन आठवडे नुसतं पाणी देऊन 'धुवून काढण्या'बद्दल लोक खूप बोलतात. मी दोन खेपा शेजारी शेजारी करून बघितल्या, चवीत मला फरक लागला नाही. चव बिघडते ती सुकवण्यात.

सुकवणं म्हणजे तासगावकडची बेदाण्याची शेड आठवा. द्राक्षं उन्हात टाकत नाहीत, सावलीत जाळीवर, वारा आरपार जाईल अशी पसरतात. घाई केली की रंग गेला, उशीर झाला की बुरशी. इथेही तसंच. अंधार, १८ ते २० अंश, हवेतली आर्द्रता ५५ ते ६० टक्के, आणि पंखा खोलीत फिरता हवा, मालावर रोखलेला नको. आठ ते बारा दिवस लागले तर चांगलं. पाचव्या दिवसाआधी कडकडीत झालं तर वाईट. ओल्याच्या चौथा-पाचवा हिस्साच वजन उरतं, ते बघून घाबरू नका.

ब्रॅम्प्टनचं तळघर उन्हाळ्यात दमट असतं, तेव्हा ओल ओढणारं यंत्र लागेल. हिवाळ्यात उलट. घर गरम करणारी भट्टी चालू झाली की घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते आणि माल तीन दिवसांत खडखडीत होतो. २०२० च्या जानेवारीत माझं असंच झालं. बरणी उघडली की सुक्या कडब्याचा वास यायचा, झाडावर असताना लिंबाच्या सालीसारखा असलेला वास कायमचा गेला होता. तेव्हापासून हिवाळ्यात मी फांद्या सुट्या करत नाही. अख्खं झाड बुंध्यापासून कापून, मोठी पानं तेवढी काढून, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात उलटं टांगतो. पानं राहिली की कळी सावकाश सुकते. खोक्याला पेन्सिलीने भोकं पाडायची, आत शंभर-दीडशे रुपड्यांचं, म्हणजे इथल्या दोन-तीन डॉलरचं आर्द्रतामापक ठेवायचं.

बारीक फांदी वाकवल्यावर नुसती वाकली तर अजून ओल आहे, कट्कन मोडली तर बरणीत भरायची वेळ झाली. काचेची बरणी पाऊण भरा, आत छोटं मापक. दुसऱ्या दिवशी बघा. कळीच्या गाभ्यातली ओल तोवर बाहेर येते, वरून कोरडं वाटलेलं पुन्हा मऊ लागतं. मापक ५८ ते ६२ दाखवत असेल तर उत्तम. ६५ च्या वर गेलं तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसरा. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं झाकण उघडा, नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा. तीन-चार आठवड्यांत गवताळपणा जातो. कांद्याची मान पुरती सुकल्याशिवाय तो चाळीत भरला तर आतून सडतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बरणीचंही तेच.

बरणीतून अमोनियासारखा उग्र दर्प आला किंवा कळी फोडल्यावर आत राखाडी, कापसासारखं काही दिसलं तर ती बरणी टाकून द्या. खराब भाग कापून उरलेलं ठेवायचं नाही. बुरशीचे कण दिसत नाहीत, पण ते फुप्फुसात जातात, आणि दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. मी दोन भरलेल्या बरण्या अशा टाकल्यात. जीव तुटला, पण टाकल्या.

झाडं लागोपाठ लावण्याचा एक फायदाही सांगतो, कारण तुम्ही चारही एकाच दिवशी लावलीत. ऑटोला अंधाराची वेळ पाळायची नसते, त्यामुळे एकाच तंबूत कोवळं रोप आणि पिकत आलेलं झाड शेजारी राहू शकतात. साधारण दर तीन आठवड्यांनी एक बी लावलं, आणि चार झाडं झाल्यावर पुढचं बी आधीचं एक झाड कापल्यावरच लावलं, तर चाराची मर्यादा पाळून साधारण तीन आठवड्यांनी एक झाड कापणीला येतं. सुकवायला एक खोकं पुरतं, आणि एका झाडात केलेली चूक पुढच्या झाडात दुरुस्त होते. मला वाटतं शिकणाऱ्यासाठी हे सगळ्यांत मोठं आहे.

तुमच्या घरात सात वर्षांचा मुलगा आहे असं लिहिलंयत. तंबूला कुलूप, बरण्यांनाही कुलूप, आणि त्यातून काही खायचा पदार्थ कधीही बनवलात तर तो मुलाच्या हाती लागेल अशा डब्यात एक मिनिटही नको. मिठाईसारखं काही दिसलं की मूल ते खाणारच. ब्युटेनसारख्या द्रावकाने घरी अर्क काढू नका, त्यावर बंदी आहे आणि त्याने घरं पेटलीत. घरच्या मालाची ताकद मोजता येत नाही, म्हणून नवीन बरणी उघडल्यावर अगदी थोड्यापासून सुरुवात, आणि त्या दिवशी गाडीला हात नाही. तुम्ही पीआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर, आहात. नशेत गाडी चालवण्याचा गुन्हा इथे राहण्याच्या हक्कावर येऊ शकतो.

आता आईंबद्दल. नेता येणार नाही, एक ग्रॅमही नाही. कॅनडातून परवानगीशिवाय बाहेर नेणं हा इथे गुन्हा आहे, त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे. मुंबईत उतरल्यावर एनडीपीएस वेगळा. बॅगेत, तेलात, मलमात, लाडवात, कशातही नको. आणि समजा नेलंतच, तर त्यात काय किती आहे ते तुम्हालाही माहीत नाही. सत्तरीतल्या बाईला चक्कर आली आणि ती न्हाणीघरात पडली तर गुडघ्याचं दुखणं बाजूला राहील. त्यांना बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ही वनस्पती त्या गोळ्यांच्या कामातही ढवळाढवळ करू शकते. पुण्यात विजया, म्हणजे भांगेच्या पानांपासून बनवलेली आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतात. पण आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवून विचारा. फोनवर विचारणं त्यांना अवघड वाटत असेल तर ती यादी तुम्हीच लिहून घ्या आणि डॉक्टरांशी तुम्हीच बोला.

आणि झाडांचं : उद्या सकाळी दिवे लागल्यावर चारही कुंड्या एकेक उचलून बघा आणि कुठली किती जड लागते ते लिहून ठेवा. पुढचं पाणी त्यावरून ठरवू.